सतरा पायऱ्या

पौषातली पहाट. वेल्हं मागे टाकून गाडी थांबली तेव्हा पावणेसात वाजले होते आणि खिडकीची काच खाली करायची कोणाची हिंमत होत नव्हती. मागच्या बाकाखाली दोन पहारी, तीन कुदळी, पाच फावडी, घमेल्यांची चळत, सुतळीचं रीळ आणि पोत्यात गुंडाळलेला घण. आम्ही चौदा जण. सर्वांत लहान अकरावीतला, सर्वांत मोठी मी. वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त, डाव्या गुडघ्याला पट्टा. पहार मला पेलत नाही. माझं काम घमेलं पुढे सरकवायचं आणि चुकलंच तर बडबड करायची.

मागच्या हिवाळ्यात याच डोंगरावर आम्ही सतरा पायऱ्या बांधल्या होत्या. या हिवाळ्यात त्या काढायला आलो होतो.

त्या पायऱ्यांची वाट कुठल्या गडावर जात नाही. डांबरी रस्त्यापासून निघते, कारवीच्या झाडोऱ्यातून वर चढते आणि डोंगराच्या पदरात आठ घरांचा धनगरवाडा आहे तिथे संपते. आमच्या चालीने सव्वा तास, त्यांच्या चालीने पाऊण. सकाळी दुधाच्या किटल्या खाली येतात. पोरं शाळेला उतरतात. संध्याकाळी किराणा, पिठाची पिशवी, कधी खताचं पोतं वर जातं. आणि कोणी आजारी पडलं तर बांबूला घोंगडी बांधून झोळी करतात आणि दोघं खांद्यावर घेऊन उतरवतात. रुग्णवाहिका डांबरापर्यंत येते. पुढचा मामला या वाटेचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाने ही वाट पाहिली. मधला शंभर-सव्वाशे पावलांचा टप्पा पार खचला होता. मुरूम वाहून गेलेला, वर सुटे गोटे, पाऊल टाकलं की घसारा. मग ठरलं, श्रमदान करायचं. चार रविवार गेले. दगड जमवले, पाया खोदला, सुतळी ताणली, एकेक पायरी रांगेत बसवली. सतरावी बसली तेव्हा खाली उभं राहून पाहिलं तर देवळाच्या पायऱ्यांसारखी सरळ ओळ दिसत होती. आम्ही फोटो काढले. नारळही फोडला. तो फोडायला वाड्यावरच्या आजींना बोलावलं, त्यांनी फोडला, खोबरं वाटलं आणि हसल्या. ते हसणं मला तेव्हा आनंदाचं वाटलं होतं.

जुलैमध्ये आमच्यातले दोघं गेले आणि परत आले ते गप्प. ऑक्टोबरात आम्ही सगळे गेलो. पायऱ्या जागच्या जागी होत्या, एकही हलली नव्हती. दगडांवर शेवाळ धरलं होतं, सांध्यांत गवत उगवलं होतं. पाऊल पडत नसेल तिथेच असं गवत वाढतं. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर, एक नवीन वाट पडली होती. माणसं त्या वाटेने चालत होती, गुरंही तिथूनच जात होती. आणि त्या वाटेतून पावसाळाभर पाणी धावलं होतं. गुडघाभर खोल घळ. आमच्या पायऱ्यांचा पाया डावीकडून उघडा पडायला लागला होता.

आजी घराबाहेर बसून काटक्या मोडत होत्या. त्यांना विचारलं, पायऱ्यांवरून का जात नाही? त्यांनी काटकी मोडली, बाजूला टाकली.

"पायऱ्या चांगल्या हायती गं बाय. पर डोईवर वझं आसलं का पायाकडं बगाया येत न्हाई."

एवढंच बोलल्या. मी पस्तीस वर्षं नोकरी केली, दोन मुलं वाढवली, पण डोक्यावर भरला हंडा घेऊन कधी डोंगर चढले नाही. चुंबळीवर ओझं असताना मान हलत नाही. नजर पुढे दहा पावलांवर असते आणि पाय जमीन चाचपत जातात. उतार असेल तर पाऊल आपोआप आखूड पडतं, चढ कमी झाला तर लांब. पायरी मात्र आपलं माप चालणाऱ्यावर लादते. ती सात इंच उंच असली तर सात इंचच उचलायला लावते, मग डोक्यावर काही नसो की पंचवीस किलो असो. झोळीची तर आणखी पंचाईत. पुढचा माणूस पायरी उतरतो तेव्हा मागचा वरच्या पायरीवर असतो, बांबू तिरपा होतो, आतलं माणूस खाली घसरतं. गुरांचे खूर दगडाच्या कडेवर टिकत नाहीत. आणि आमच्या सुंदर सरळ ओळीला दोन दगडांमध्ये कुठे वळायला जागाच नव्हती.

चौदा शिकलेल्या माणसांपैकी एकालाही बांधायच्या आधी हे विचारावंसं वाटलं नाही. नारळ फोडायला मात्र आम्ही आठवणीने बोलावलं.

त्या दिवसापासून मी पाणी पाहायला शिकते आहे. डोंगरातल्या वाटा माणसांच्या पायांनी झिजतात असं मला वाटायचं. झिजतात, पण थोड्या. पाय फक्त गवत मारतात आणि माती उघडी पाडतात. पुढचं काम पाणी करतं. घाटमाथ्याचा पाऊस म्हणजे काय, हे देशावरच्या माणसाला आकड्यातच सांगावं लागतं. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हे सगळं पाणी कुठे न वाहता साचून राहिलं असतं, तर दुमजली घर जवळजवळ बुडालं असतं. ते साचत नाही, उतरतं. आणि उतरायला त्याला सर्वांत सोपी जागा कोणती, तर माणसांनी आधीच गवत काढून ठेवलेली, थोडी खोलगट झालेली सरळ वाट.

पाण्याचा वेग वाढला की त्याची ताकद कशी वाढते, याचा जुना हिशेब आहे. वेग दुप्पट झाला तर ते चौसष्टपट वजनाचा दगड ढकलू शकतं. चौपट नाही, आठपटही नाही, चौसष्टपट. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला खोटा वाटला होता. मग ऑक्टोबरातली घळ आठवली. वरच्या टोकाला बोटभर रेघ, मधे वीतभर, खाली गुडघाभर. पावलागणिक पाण्याने वेग घेतला होता.

तेव्हा वाट राखायची तर पाण्याला वेग घेऊ द्यायचा नाही. दर काही पावलांवर त्याला वाटेबाहेर काढून द्यायचं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. तो बांध घालतो आणि बांधाला सांडवा ठेवतो. आम्ही नुसताच बांध घातला होता. आमच्या सतरा पायऱ्यांना एकही सांडवा नव्हता.

दुसरी गोष्ट चढाची. जगभर डोंगरवाटा राखणारी माणसं एक ठोकताळा वापरतात. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी हवा. तसा असला तर वरून आलेलं पाणी वाट आडवी ओलांडून पलीकडे उतरतं. चढ त्याहून जास्त झाला तर पाणी वाट सोडत नाही, वाटेचाच ओढा करतं. आम्ही मात्र नाकासमोर वर गेलो होतो. शहरात राहून राहून जिना हीच चढायची एक रीत डोक्यात बसलेली. डोंगर चढायचा म्हणजे वळसा घ्यायचा, हे तिथल्या म्हशींनासुद्धा ठाऊक होतं.

हिवाळाच का, असं नवीन येणारे विचारतात. उत्तर शेतकऱ्याच्याच शब्दात आहे, वापसा. पावसाने चिंब झालेली माती कुदळीला चिकटते, वैशाखातली माती उडून जाते. मार्गशीर्ष-पौषात वरचा थर कोरडा असतो, पण वीतभर खाली माती ओल धरून असते. त्या ओलीवर मुरूम चोपला की बसतो आणि बसल्यावर उठत नाही. गवत वाळलेलं असतं, म्हणून जमिनीचा आकार उघडा दिसतो. पावसाळ्यात पाणी कुठून गेलं ते झोपलेल्या गवताच्या दिशेवरून आणि कारवीच्या बुंध्याशी अडकलेल्या कचऱ्यावरून वाचता येतं. निदान वाचता येतं असं आम्ही समजतो.

तर त्या सकाळी आम्ही पहिली पायरी उचकटली. वरून सुरुवात केली, कारण खालून काढलं तर वरचं अंगावर येतं. पहिल्या दगडाखाली पहार घातली आणि तो हलेना. आम्हीच बसवलेला, आम्हीच मागून कपच्या ठोकलेल्या. एका मुलाच्या तोंडून निघून गेलं, "काय भारी बसवलाय राव!" सगळे हसलो. मग कोणी बोललं नाही. आपण केलेलं मोडताना जो एक चमत्कारिक राग येतो, तो कोणावर काढायचा ते समजत नव्हतं. मी घमेल्यात माती ओढत राहिले.

दगड उलटायची एक रीत आजींच्या नातवाने शिकवली. पलीकडची कड धरून दगड आपल्याकडे ओढायचा. मग खाली जे काही असेल त्याला पळायची वाट पलीकडे मिळते. तिसऱ्या दगडाखाली काळा विंचू निघाला. थंडीने सुस्त. त्याने नांगी अर्धी वर केली, विचार बदलला आणि गवतात गेला. आम्हीसुद्धा विचार बदलून हातमोजे घातले.

साडेनऊला वाड्यावरून कोरा चहा आला आणि बाजरीच्या भाकरी, वर लसणीचा ठेचा. संक्रांत आठवड्यावर होती, भाकरीला तीळ लावलेले होते. या भाकरीचा मला नेहमी संकोच वाटतो. आम्ही श्रमदान करायला येतो आणि पीठ त्यांचं जातं. तेही आमच्याच पायांखालच्या वाटेने डोक्यावरून वर आलेलं. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घ्यायचे आणि काम केल्याशिवाय भाकरी खायचे नाहीत. आधी झाडणं, कीर्तन रात्री. वीस डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी झाली तेव्हा आमच्या गटात कोणी तरी त्यांचा फोटो पाठवला होता आणि त्याखाली बावीस जणांनी हात जोडले होते. त्या बावीसपैकी डोंगरावर आलेले मी मोजले. आकडा सांगत नाही.

चहा घेताना आजींना वळसा कुठून घ्यायचा ते विचारलं. या वेळी आधी विचारलं. त्या उठल्या, वाटेवर आल्या आणि हातातल्या काठीने डोंगराच्या अंगावर एक लांब रेघ ओढल्यासारखं केलं. उजवीकडे, जुन्या हिरड्याच्या झाडाखालून, मग त्या मोठ्या कातळाला पाठ लावून, मग परत डावीकडे. "आमी लगीन होऊन आलो तवा ह्येच वाट व्हती." मग ती सुटली कशी? एका पावसात हिरड्याखाली झाड आडवं पडलं, लोक सरळ चढायला लागले, आणि झाड कुजून गेलं तरी सरळ वाट राहिली.

मला मागाहून एक गंमत कळली. आपल्याकडच्या गावनकाशांवर गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. साडेआठ नाही, आठ नाही, सव्वाआठ. कारण मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची आणि हा तिचा बरोबर पाव हिस्सा. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. इंदापुरात १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जी मोजणी बसवली, तिच्या परंपरेतले हे नकाशे. या वाटेच्या गावचा नकाशा मी मागवून घेतला आणि भिंगाखाली धरला. एक तुटक रेषा होती. ती या टप्प्यात एक मोठं वळण घेत होती. हिरडा नकाशात नसतो, पण वळण तेच असावं असं मला वाटतं. मोजणीदाराला वाट कोणी दाखवली असेल? वाड्यावरच्याच कोणी तरी.

म्हणजे उत्तर कागदावर होतं आणि आजींच्या काठीच्या टोकावर होतं. आम्ही दोन्हीकडे पाहिलं नव्हतं.

गडांवर काम करणारे आमचे मित्र या वाटेला नाक मुरडतात. त्यांचंही बरोबर आहे. २०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यातला राजगड इथून लांब नाही. अलंग-मदन या गडांच्या तुटक्या पायऱ्या पाहिल्या की १८१८ नंतर इंग्रजांनी वाटा का उडवल्या ते लगेच कळतं. वाट नाही तर गड नाही. अशा जागी हात लावायला माणसाला उमेद येते. पण तिथे दगड हलवायचा तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते, लागायलाच हवी. उत्साहाच्या भरात कातळकोरीव पायरीवर सिमेंट ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. आमच्या वाटेला इतिहास नाही, म्हणून वन खात्याचं एक पत्र पुरलं. तटबंदी नाही, तोफ नाही, सूर्योदयाचा फोटोसुद्धा धड येत नाही, कारण मधे कारवी येते.

नाणेघाटाची गोष्ट वेगळी. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात जुन्नरहून कोकणात उतरायची ती वाट. गुहेत नागनिका राणीचा शिलालेख, माथ्यावर दगडी रांजण. त्यात जकात गोळा व्हायची असं सांगतात. तो रांजण पाहताना मला दर वेळी वाटतं, जकात घेणाऱ्याला वाट राखावीही लागत असणार. वाट मोडली तर बैल येणार नाहीत, बैल आले नाहीत तर रांजण रिकामा. त्या वाटेला कोणी तरी धनी होता. आमच्या या तुटक रेषेला धनी कोण? कागदावर सरकार. प्रत्यक्षात ज्याच्या पायाखाली ती जाते तो.

डोंगर फोडून रस्ता करणाऱ्या दशरथ मांझींचं उदाहरण आमच्या प्रत्येक श्रमदानाच्या आधी कोणी तरी देतं. बावीस वर्षं छिन्नी-हातोडा. माणूस थोरच. पण मला ते उदाहरण आताशा अपुरं वाटतं. एकदा फोडलेला डोंगर पुन्हा जुळून येत नाही. मुरमाची वाट मात्र दर पावसाळ्यात मोडायला बसते आणि दर हिवाळ्यात तिच्यापुढे पुन्हा उकिडवं बसावं लागतं. अमेरिकेत अॅपलाचियन ट्रेल नावाची साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट आहे. १९२१मध्ये बेंटन मॅके यांनी ती सुचवली, १९३७मध्ये पुरी झाली, आणि तिची निगा आजही मुख्यतः स्वयंसेवकच राखतात. तिचे तुकडे वाटून दिलेले आहेत. आपला तुकडा आपण पाहायचा, वर्षानुवर्षं. त्या माणसांवर सिनेमा निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. गाळ भरलेला सांडवा मोकळा करणाऱ्या माणसावर कोण सिनेमा काढणार? दहा मिनिटांचं काम, फावड्याचे आठ हात. पण ते नेमकं मृगाच्या आधी व्हावं लागतं आणि तेव्हा सगळ्यांच्या मुलांच्या परीक्षा संपून सगळे गावाला गेलेले असतात.

दुपारपर्यंत बारा पायऱ्या निघाल्या. पाच ठेवल्या. त्या कातळाच्या उभ्या टप्प्यावर होत्या, तिथे वळायला जागा नव्हती आणि आजी म्हणाल्या, "ह्या ऱ्हाऊ द्या, हितं पाय ठराया लागतो." होत्या तशा मात्र ठेवल्या नाहीत. उंची कमी केली, पायऱ्यांचं तोंड रुंद केलं, म्हणजे एका पायरीवर दोन पावलं बसतात आणि झोळी धरणाऱ्याला श्वास घेता येतो.

निघालेले दगड वाया गेले नाहीत. त्यांचेच सांडवे केले. वाटेला काटकोनात घातलेला सांडवा पहिल्या पावसातच गाळाने भरतो, म्हणून तिरपा घालायचा, खालचं तोंड डोंगराच्या बाहेरच्या अंगाला. दगडाची लांब बाजू जमिनीत आत, छोटी बाजू तोंडाला. घरी भिंतीला टाइल लावतात तसा दगड लांब बाजूने दाखवायचा मोह होतो, तो आवरायचा. प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसला पाहिजे, सांध्यावर सांधा येता कामा नये. मागे कपच्या ठोकायच्या, पण सिमेंट नाही. आतून पाणी झिरपायला फट लागते. ती बुजवली तर पाणी मागे साचतं आणि सगळी रचाई पुढे ढकलतं. आणि बाहेर पडलेलं पाणी पडतं तिथेही चार दगड अंथरायचे, नाहीतर तिथे नवीन घळ सुरू. पहिल्या वर्षी हे शेवटचं आम्हाला माहीतच नव्हतं. आता दोन माणसं फक्त त्यावर.

डावीकडची घळ बुजवायला सर्वांत जास्त वेळ लागला. ती नुसती मातीने भरली असती तर जूनमध्ये पुन्हा उघडी. म्हणून तिच्यात दर चार पावलांवर दगडांचे छोटे आडवे अडसर घातले, मधे पालापाचोळा आणि काटेरी फांद्या अंथरल्या. पाण्याला अडवायचं, गाळ तिथेच टाकायला लावायचं. काट्यांचं दुसरं काम माणसांना अडवायचं. अकरावीतल्या मुलाने विचारलं, काटे टाकले तरी लोक तिथूनच गेले तर? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गेले तर समजायचं आपला वळसा चुकला.

हिरड्याखालची वाट मोकळी करायला चार वाजले. कारवी छाटावी लागली, दोन ठिकाणी मुरूम चोपावा लागला, बाकी फारसं काही नाही. जमिनीत जुनी वाट होतीच. पाचोळा बाजूला केला तेव्हा चपटी, किंचित बाहेरच्या अंगाला कललेली एक पट्टी दिसली, गवतातसुद्धा तिचा आकार टिकून होता. कितीतरी वर्षं तिच्यावरून कोणी गेलं नव्हतं आणि तरी तिच्यावर एकही ओघळ नव्हता.

पाच वाजता सावली लांबली तेव्हा वरून एक बाई आली. चुंबळीवर लाकडाची मोळी, हातात विळा. आम्ही सगळे फावडी टेकून बाजूला उभे राहिलो आणि कोणी काही बोललं नाही. ती फाट्यावर थांबली. मान न हलवता डोळ्यांनी आधी जुन्या जागेकडे पाहिलं, मग हिरड्याकडे. आणि हिरड्याखालून गेली. पाऊल कुठे अडलं नाही. पाच पायऱ्यांवर मात्र ती थोडी थांबून उतरली. वरून तिसरी अजून उंच आहे, ती पुढच्या रविवारी खाली घ्यायची आहे.

आता एक काम राहिलं आहे. त्यासाठी पहार लागत नाही, हातमोजे लागत नाहीत आणि गुडघा दुखत असला तरी चालतं. आमचे नवे नऊ सांडवे खरंच पाणी बाहेर टाकतात की नाही, हे पाऊस पडत असतानाच दिसतं. कुठला भरला, कुठला पाणी उलट आत घेतो, पाणी कुठे वाट सोडत नाही, हे चुन्याने किंवा दगड रचून खुणा करून ठेवायचं आहे, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात कुदळ नेमकी तिथे पडेल. डिसेंबरात गाडी भरून माणसं मिळतात. जुलैत मी मागच्या वर्षी नऊ जणांना फोन केले होते, दोघं गेले. तुम्हाला डोंगर आवडत असेल, तर हिवाळ्यात नाही आलात तरी चालेल. जुलैमध्ये एक रविवार छत्री घेऊन या.